ठोकेसरांचा अर्धा तास

प्रयोग सुरू करण्याआधी सर खोलीतल्या प्रत्येकाची नाडी बघत. आधी स्वतःची, मग माझी, मग नरसय्याची. घड्याळ टेबलावर ठेवून पुरतं एक मिनिट मोजत. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणं त्यांना मान्य नव्हतं. मग वहीत तारखेच्या खालीच लिहीत: 'मी ९६, डॉक्टर ८८, नरसय्या ६४.' आम्ही कुणी आजारी नव्हतो. सरांचं म्हणणं एवढंच, की माप घेणारा किती घाबरलेला होता हे माप वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. सोलापूरच्या आमच्या मेडिकल कॉलेजात त्यांना ठोकेसर म्हणत ते यामुळं. हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं आणि बहुधा आवडतही असावं, कारण एकदा फोनवर त्यांनी आपली ओळख तशीच करून दिलेली मी ऐकली आहे.

आजवर पाहिलेल्या माणसांत ते सगळ्यात भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी बोलते असं नाही, ते स्वतःच सांगत. प्राणवायूच्या सिलिंडरला भीत, म्हणून तो दाराबाहेर ठेवून त्याची नळी भिंतीतल्या भोकातून आत घेतली होती. कुत्र्याला भीत. मिलचा भोंगा रोज ठरल्या वेळी होई, तरी रोज दचकत. आणि सगळ्यात जास्त भीत ते समोर बसलेल्या माणसांना. शंभर विद्यार्थ्यांकडं तोंड करून उभं राहायला नको, म्हणून ते तास संपेपर्यंत फळ्याकडं तोंड करून शिकवत. तरी त्यांचा तास कुणी बुडवत नसे. फळ्यावर खडूनं हृदय काढता काढता ते बोलत, आणि मागची बाकंसुद्धा गप्प असत.

एरवी त्यांची भाषा स्वच्छ, शाळामास्तरासारखी. आम्हा एम.डी. करणाऱ्यांना 'डॉक्टर' म्हणत आणि अहो-जाहो करत. घाबरले की मात्र त्यांच्यातला मंगळवेढा बाहेर पडे आणि मी 'डॉक्टर'ची एकदम 'पोरी' होई. 'लई भ्या वाटतंय गं पोरी,' असं ते अगदी सहज म्हणत, जसं दुसरा कुणी आज ऊन फार आहे म्हणेल. मी वैरागची. वडिलांचं तिथं कापडाचं दुकान, आणि आपली मुलगी डॉक्टरांना शिकवणारी डॉक्टर होणार हे त्यांनी बाजारातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवलेलं. भीती माझ्याही अंगात कमी नव्हती, फक्त मी ती बोलून दाखवत नसे. आम्हा दोघांमधला फरक इतकाच होता आणि तो किती मोठा होता हे मला नंतर कळलं.

सरांचा प्रश्न एका ओळीचा होता. हृदयाच्या स्नायूत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यांना केशवाहिन्या म्हणतात. रक्तात विरघळलेली साखर, क्षार, औषधं या वाहिन्यांच्या भिंतीतून झिरपून बाहेर पडतात तेव्हाच हृदयाच्या कामी येतात. तर ही भिंत कशाला किती झिरपू देते? परदेशात अशी मोजमापं चालली होती. सरांना ती सोलापुरात, आपल्या हातानं घ्यायची होती, आणि माझा प्रबंध त्यावरच होता. नरसय्या आमच्या प्रयोगशाळेतला मदतनीस, चाळिशी उलटलेला. त्याचं घराणं पद्मशाली विणकरांचं, आणि नोकरी लागेपर्यंत तोही मागावर बसलेला. सरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'म्हणजे कापड घट्ट हाय का इरळ, तेच बघायचं की सर.' सर इतके खूश झाले की त्या दिवसापासून आमच्या खोलीत 'पार्यता' हा पुस्तकी शब्द कुणी उच्चारला नाही. आम्ही सगळे 'वीण' म्हणू लागलो.

कुत्र्याला भीत असले तरी प्रयोगासाठी कुत्रा मारायला त्यांचा जीव होत नसे. 'जे तसंही जाणार आहे त्याच्याकडूनच मागून घेऊ,' असं म्हणून त्यांनी बकऱ्याचं हृदय धरलं. नरसय्या सकाळी सायकलवरून कत्तलखान्यात जाई. तिथला त्याचा दोस्त ताजं हृदय काढून त्याच्या डब्यात, बर्फात ठेवलेल्या मिठाच्या पाण्यात टाकी, आणि नरसय्या वीस मिनिटांत कॉलेज गाठी. 'आणलो की सर,' असा जिन्यातूनच त्याचा आवाज येई. मग सर महाधमनीत काचेची नळी बसवून दोऱ्यानं गाठ मारत, आणि वर भिंतीला टांगलेल्या बाटलीतून शरीराइतक्या उबेचं क्षारांचं पाणी हृदयात सोडलं जाई. पुस्तकात लिहिलं होतं की हे पाणी तापवत राहावं. आम्हाला मे महिन्यात ते ओल्या फडक्यानं गार करावं लागे.

पाणी सोडल्यापासून पहिला ठोका पडेपर्यंतचं ते एक-दीड मिनिट. डब्यातून काढलेला तो निपचित गोळा लोंबत असे आणि सर भिंतीकडं तोंड करून उभे राहत. त्यांना बघवत नसे. 'पडला का?' ते विचारत. 'अजून नाही सर.' 'आता?' मी बघत असे, आणि दर वेळी मला वाटे की आज नाही, आज हे उठायचं नाही. मग कुठंतरी कोपऱ्यात कातडी थरथरल्यासारखी होई, ती थरथर पसरे, आणि एकदम सगळं हृदय आवळून सुटे. 'चालू झालं की,' नरसय्या म्हणे. मग सर वळत. त्यांच्या कपाळावर घाम असे आणि ते हृदयाकडं पाहून हळूच 'या,' असं म्हणत, जसं दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं.

खरं मोजमाप त्यानंतर. दोन पदार्थ एकत्र करून नळीत एकदम टोचायचे. एक निळा रंग, रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटवलेला. ते प्रथिन इतकं मोठं, की भिंतीतून सहसा बाहेर पडत नाही. दुसरी आपली साधी साखर, जी वाटेत थोडी झिरपते. हृदयातून जे पाणी बाहेर येईल ते दर सेकंदाला वेगळ्या काचनळीत धरायचं, आणि प्रत्येक नळीत निळा किती नि साखर किती हे मोजायचं. निळा सगळा परत यायचा. साखर त्याच्या मानानं जितकी कमी आली तितकी भिंतीतून गेली, असा हिशेब. तीस काचनळ्यांची लांब लाकडी पट्टी खाचेतून सरकवत न्यायची होती, सेकंदाला एक नळी. मी सरकवू लागले की दोन नळ्या रिकाम्या जात आणि तिसरी भरून वाहे. शेवटी नरसय्यानं मला बाजूला केलं. 'तुमी सोडा ताई, ह्यो मागावरल्या धोट्याचा हात हाय,' म्हणाला, आणि खरोखर त्याचा हात असा चालला की सरांनी टिकटिक करणारं यंत्र कपाटात ठेवून दिलं.

माझ्याकडं होतं ते रंग तयार करायचं काम. बकऱ्याच्या रक्ताच्या निवळीत, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात, निळा रंग घालून तो अर्धा तास शरीराच्या उबेत ठेवायचा, अधूनमधून हलक्या हातानं हलवायचा, म्हणजे रंगाचा सगळा अंश प्रथिनाला धरून बसतो. याबाबतीत सर कडक होते. 'अर्धा तास म्हणजे अर्धा तास, डॉक्टर. सुटा रंग राहिला तर तो साखरेबरोबर भिंतीतून पळणार. आपला निळा हा साक्षीदार आहे. साक्षीदारच फितूर झाला तर खटला कुणावर चालवायचा?' वहीत रंग किती मिनिटं ठेवला याला वेगळा रकाना होता.

शनिवार-रविवारी मी वैरागला जाई आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत येई. अशाच एका सोमवारी गाडी वाटेत बंद पडली. मी धापा टाकत प्रयोगशाळेत पोचले आणि पाचच मिनिटांत जिन्यात आवाज आला, 'आणलो की.' सर आले तेव्हा मी एप्रन चढवून उभी होते. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखी सातपासून आहे. मी आतल्या खोलीत गेले, फ्रिजमधली गार निवळ काढली, रंग घातला, दोन मिनिटं हलवला आणि सिरिंजमध्ये ओढून घेतला. 'रंग झाला?' सरांनी बाहेरून विचारलं. मी हो म्हटलं. 'अर्धा तास?' त्यालाही हो म्हटलं. मग त्यांनी माझा हात धरून नाडी मोजली. ११८. 'एवढी?' म्हणाले. मी म्हटलं, मधेच खाली जाऊन आले सर, जिना पळत चढले. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि खालच्या रकान्यात मी लिहिलं, '३० मिनिटं.'

प्रयोग अगदी सुरेख झाला. आलेख असा गुळगुळीत आला की सर तो खिडकीशी नेऊन दोन-तीनदा पाहून आले. मी दिवसभर वाट पाहत होते की काहीतरी बिघडेल आणि मी पकडली जाईन. काही बिघडलं नाही. मग पुढच्या खेपेला वेळ असूनसुद्धा मी दोनच मिनिटं दिली. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. हृदय दारात येईल आणि माझा रंग तयार नसेल, सर 'मरतंय की गं पोरी ते' म्हणत येरझाऱ्या घालतील, या धास्तीनं मी सकाळी उठत असे. दोन मिनिटांत काम उरकलं की ती धास्ती संपत होती. एकूण एकोणीस प्रयोग झाले. त्यांतले अकरा मी असे केले आणि अकराही वेळा वहीत तीस लिहिलं.

त्या अकरा प्रयोगांतून एक नवल बाहेर आलं. आमच्या बकऱ्यांच्या हृदयाची वीण परदेशातल्या आकड्यांपेक्षा चांगलीच घट्ट निघाली. साखर फारशी झिरपतच नव्हती. सरांना आधी घाम फुटला. आपलंच चुकतंय म्हणून त्यांनी काचेच्या मोजनळ्या पुन्हा तपासल्या, साखर नवी आणली, तराजू दुसऱ्या विभागातून मागवला. आकडा हलेना. पहिल्या आठ प्रयोगांतले परदेशासारखे आकडे मग त्यांनी हात बसण्याआधीचे म्हणून बाजूला ठेवले. मग हळूहळू त्यांच्या मनात एक विचार शिरला आणि तिथं घर करून बसला. बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा तीन-चारच वर्षं झाली होती. 'आमच्याकडची बकरी पोरी, पाण्यावाचून दिवस काढत्यात. कोरड्या रानात जगायचं तर अंगातलं काय बी वाया घालवून चालंल का? त्यांची वीण घट्ट असणारच की.' मंगळवेढ्याच्या रानातली बकरी त्यांनी लहानपणी पाहिली होती. आपल्या त्या उपाशी मुलखाच्या जनावरात जगात कुणी न पाहिलेलं काही सापडलं, हा आनंद त्यांना झाकता येत नव्हता. त्यांनी हैदराबादच्या परिषदेला निबंध पाठवला आणि तो स्वीकारला गेला. आयुष्यात पहिल्यांदा ते परक्या माणसांपुढं तोंड करून उभे राहणार होते.

मात्र एक गोष्ट त्यांना खुपत होती. प्रयोग संपला की ते हृदय कापून त्याची चकती खिडकीच्या उजेडात धरत. पहिल्या प्रयोगांत मांस फिकट, धुतल्यासारखं दिसे. आता त्यात कुठंतरी निळसर झाक येत होती. निळा बाहेर पडायला नको होता. आत येऊन मला त्यांनी एक अक्षर विचारलं नाही, याचं कारण माझ्या वहीवर त्यांचा विश्वास होता. त्यांनी संशय घेतला तो स्वतःच्या हातांवर. गाठ मारताना आपण हृदय दाबतो, वाहिन्या फाटतात, आपला हात गेला, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. मला आणि नरसय्याला समोर बसवून हात पुढं करत आणि विचारत, 'थरथरतोय का? खरं सांगा.' नरसय्या वाकून बघे आणि म्हणे, 'न्हाई की सर, दगडावानी हाय.' मीही नाही म्हणे. त्यांना आमचं पटत नसे. हैदराबादहून आलं की आपण पुन्हा कातर हातात धरायची नाही, असं त्यांनी मला एकदा शांतपणे सांगितलं. तेव्हा ते 'पोरी' म्हणाले नाहीत, 'डॉक्टर' म्हणाले.

एवढं ऐकल्यावर तरी मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन मी एकटीनंच तपासून पाहिलं. एका नळीत दोन मिनिटं हलवलेला रंग, गार निवळीतला. दुसऱ्या नळीत उबेत अर्धा तास ठेवलेला. दोन्हींत तीव्र आम्लाचे थेंब टाकले की प्रथिन गोठून तळाला बसतं आणि त्याला चिकटलेला रंग त्याच्याबरोबर जातो. अर्ध्या तासाच्या नळीत वरचं पाणी स्वच्छ झालं. दुसऱ्या नळीत ते निळं राहिलं. आमचा निळाच भिंतीतून पळत होता, म्हणून त्याच्या शेजारी साखर पुरेशी वाटत होती. वीण घट्ट नव्हती. मंगळवेढ्याची बकरी जगातल्या इतर जनावरांसारखीच होती, आणि सरांचा हात शाबूत होता.

परिषदेला पाच दिवस उरले होते. त्यातले तीन मी गप्प राहून काढले. पदवी जाणार, नाव काढून टाकणार, वडील दुकानात कसे बसणार, हेच डोक्यात फिरत होतं. एकदा सांगायचं ठरवून मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि आतून खोकल्याचा आवाज आला तशी परत फिरले. शेवटी रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले, ते धीर आला म्हणून नव्हे. सोमवारी पुन्हा त्यांच्या पुढं केलेल्या हातांकडं बघून 'नाही थरथरत' म्हणायचं, याची भीती आता जास्त मोठी झाली होती.

सर ओसरीवर पेन्सिलीला दोऱ्याच्या गाठी मारत बसले होते. एक मारायची, सोडायची, परत मारायची. आत काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, उखळात शेंगाची चटणी कुटत होत्या, त्यामुळं माझा आवाज आत जाण्याची शक्यता नव्हती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एसटी, दोन मिनिटं, फ्रिजमधली निवळ, काचनळीतलं निळं पाणी.

'किती वेळा?'

'अकरा.'

'कुठले कुठले, माहीत हाय?'

'हो सर. लिहून आणलेत.'

त्यांनी कागद घेतला, वाचला, आणि मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. 'म्हणजे हात ठीक हाय माझा,' म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुटकेसारखं होतं, आणि ते पाहून मला रडू फुटलं. महिनाभर मी त्या माणसाला कशात ढकललं होतं ते मला तेव्हा दिसलं. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, 'भ्यालीस, त्याचं काय न्हाय. मी बी भितो. पण तू तीस लिहिलंस. दोन लिहिलं असतंस तर मी त्याच दिवशी बघितलं असतं की गं.' आवाज चढला नव्हता. मला आजवर कुणी इतकं लागेल असं बोललेलं नाही. त्यांनी मला कॉलेजातून वही आणायला लावली, तिथंच बसवून अकराही पानांवर '३०' वर एक रेघ मारून शेजारी '२' लिहायला लावलं, आणि प्रत्येक रेघेपाशी माझी सही घेतली. खाडाखोड करायची नाही, खालचं वाचता आलं पाहिजे, एवढंच सांगितलं.

मला वाटलं, आता ते हैदराबादला जाणार नाहीत. ते गेले. काकूंना बांगड्या घ्यायच्या होत्या म्हणून त्याही आल्या, आणि सरांच्या आग्रहावरून मीही. सभागृह मोठं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच लोकांचे निबंध आम्ही सोलापुरात बसून वाचलेले होते. मी शेवटच्या रांगेत बसले. काकू बाजारात गेल्या होत्या. सरांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठले आणि चालताना खुर्चीला अडखळले. पुढं गेल्यावर नेहमीच्या सवयीनं आधी फळ्याकडं वळले, क्षणभर तसेच थांबले, आणि मग लोकांकडं तोंड केलं.

त्यांनी निबंध वाचलाच नाही. ते म्हणाले की आमच्या प्रयोगशाळेनं बकऱ्याच्या हृदयातल्या केशवाहिन्यांची वीण घट्ट असल्याचं तुम्हाला कळवलं होतं, ते चुकीचं आहे. अकरा प्रयोगांत आमच्याकडून रंग प्रथिनाला धरण्याआधीच वापरला गेला. उरलेले आठ बरोबर आहेत आणि त्यांत तुमच्यासारखेच आकडे आले आहेत, म्हणजे सांगण्यासारखं नवीन काही नाही. हे ज्यांना पुढं करायचं असेल त्यांनी सुटा रंग कसा ओळखावा, एवढं मी सांगतो. आणि त्यांनी आम्लाचे थेंब टाकायची ती साधी तपासणी सांगितली, जी मी त्या दिवशी सकाळी एकटीनं केली होती. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. एकानं विचारलं, एवढी प्राथमिक चूक अकरा वेळा कशी झाली? सर म्हणाले, 'घाईनं झाली.' मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसले होते. उठावं आणि सांगावं असं वाटत होतं, आणि मी उठले नाही.

परतीच्या गाडीत काकूंना डुलकी लागली तेव्हा मी विचारलं, 'माझं नाव का नाही घेतलंत सर?' ते खिडकीतून बाहेर बघत होते. 'नाव कुणी विचारलं न्हाई,' म्हणाले. 'विचारलं असतं तर सांगितलं असतं.' मग जरा वेळानं, 'आज माझे ठोके किती झाले असतील गं? मोजायचं राहून गेलं,' असं म्हणाले आणि शेंगा फोडू लागले.

आम्ही ते अकरा प्रयोग पुन्हा केले. गाठ सरांनीच मारली. अर्धा तास होईपर्यंत मी रंगाशेजारून हलत नसे. आकडे सगळे जगासारखे आले, माझा प्रबंध सहा महिने उशिरा गेला आणि मला पदवी मिळाली. तोंडी परीक्षेच्या आधी त्यांनी वही परीक्षकांच्या पुढं ठेवली होती. त्या अकरा पानांवरून परीक्षकांनी मला तासभर सोललं, आणि सर सगळा वेळ भिंतीकडं तोंड करून उभे होते. पुढच्याच वर्षी त्यांची बदली झाली. निरोपाच्या समारंभाला ते आलेच नाहीत, भाषण करावं लागेल म्हणून. नरसय्या आणि मी त्यांना घरी जाऊन भेटलो. नरसय्यानं स्वतः विणलेला पंचा दिला. सरांनी दोघांचे हात हातात घेतले आणि मला वाटलं, आता नाडी मोजतील, पण त्यांनी नुसतेच धरून ठेवले.

निवृत्तीनंतर ते सोलापुरातच राहायला आले आणि तिथंच गेले. शोकसभा कॉलेजच्या हॉलमध्ये होती. मी तेव्हा दुसरीकडं विभागप्रमुख होते, माझ्या हाताखालून पंधरा-वीस मुलं एम.डी. होऊन गेली होती. सरांचे एक जुने सहकारी बोलायला उठले. फार प्रेमानं बोलले. म्हणाले, एवढा सावध माणूस, पंख्याचं बटण दाबतानाही चप्पल घालणारा, आणि तोच एकदा घाईघाईनं रंग कालवून बसला आणि हैदराबादला भर सभेत कबूल करून आला. सगळे हसले. पहिल्या रांगेत काकूही डोळे पुसत हसल्या. मी उठून दोन वाक्यं बोलायला हवी होती. मी विभागप्रमुख होते, माझी पदवी आता कुणी काढून घेणार नव्हतं, वडीलही राहिले नव्हते. तरी मी बसूनच राहिले. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं आणि ती वेळ गेली.

सभा सुटल्यावर मी काकूंच्या घरी गेले. माणसं पांगेपर्यंत थांबले. मग म्हटलं, 'काकू, ते रंगाचं मघाशी सांगत होते ना, ती घाई सरांनी केली नव्हती. मी केली होती.'

'कुठली? हैदराबादची?'

'हो. अकरा वेळा. आणि वहीत खोटं लिहिलं होतं. सरांना माहीत होतं.'

'परिषदेतल्या लोकांच्या बायकांनी मला तिथंच सांगितलं, तुमच्या यजमानांची चूक झाली म्हणून,' काकू म्हणाल्या. 'घरी आल्यावर मी विचारलं, असं कसं झालं वो तुमच्या हातनं? काय बोललेच न्हाईत. त्यावरनं मी त्यांना जन्मभर चिडवत आले की गं. आमटी ढवळायला बसवलं की म्हणायची, नीट अर्धा तास ढवळा, न्हाईतर हैदराबाद व्हायचं. पोरं हसायची, सुना हसायच्या. ते बी हसायचे.'

काकूंनी पदर तोंडाला लावला.

'एकदा तरी सांगायचं की मला,' त्या म्हणाल्या. ते मला म्हणाल्या की भिंतीवरच्या सरांच्या फोटोला, हे विचारायचा धीर मला झाला नाही.